घरच्या ग्रिलवर बर्गर : खिमा मळू नका आणि सोबत खमंग काकडी करा

अंगणवासी (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. चार जुलैला आमच्याकडे बारा-तेरा माणसं जेवायला आहेत, शेजारचं अमेरिकन कुटुंब, मित्रांपैकी दोघं पक्के शाकाहारी आणि नुकतेच सांगलीहून आलेले माझे सासू-सासरे. बॅकयार्डात बर्गर करायचं माझं हे चौथं वर्ष. पहिली दोन वर्षं लोकांनी अर्धा अर्धा बर्गर तसाच ठेवला होता आणि मला ते फार लागलं होतं, कारण सकाळपासून खपलो होतो. चवीला वाईट नव्हते पण चावायला घट्ट, रबरासारखे, आणि मधे फुगून चेंडू झालेले, त्यामुळे कडेला नुसता पाव उरायचा.

काय केलं होतं तर आलं-लसूण, बारीक कांदा, कोथिंबीर, अंडं, ब्रेडक्रम्स, मीठ सगळं खिम्यात घालून पाच मिनिटं छान मळून घेतलं होतं. आपला हातच तसा बसलाय ना, कोफ्ता असो की सीख कबाब, खिमा मळल्याशिवाय चैन पडत नाही. पण सीख कबाबाला मळतात ते तो सळईला चिकटून राहावा म्हणून. मीठ आणि मळणं या दोन गोष्टींनी मांसातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना धरून बसतात, सॉसेजसारखी. बर्गरला नेमकं उलटं हवं, खिमा सैल, जेमतेम एकत्र राहील इतकाच. हे कळल्यावर तिसऱ्या वर्षी जे बर्गर झाले ते सगळे संपले, शेजाऱ्यांच्या मुलाने तर दोन खाल्ले.

आता मी असं करतो:
खिमा 80/20 चा, म्हणजे 20 टक्के चरबी. 90/10 घेऊ नका, तब्येतीला बरा म्हणून घेतो आपण आणि कोरडा भुसा खातो. दोन पाउंडात सहा पॅटी, एक साधारण 150 ग्रॅमची. खिमा फ्रीजमधून अगदी शेवटी काढायचा, गार हातांनी हलकेच गोळा करून थापायचा, पाऊण इंच जाड आणि बनपेक्षा अर्धा इंच मोठा, कारण तो आकसतो. मधे अंगठ्याने खळगा करायचा. कडा आधी शिजून आवळतात आणि मधला भाग वर ढकलला जातो, खळगा असला की पॅटी सपाट राहते. मीठ-मिरपूड फक्त वरून, ग्रिलवर टाकायच्या क्षणी, आत अजिबात नाही. मीठ भरपूर मात्र.
ग्रिल झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं कडक तापवायचं. एका बाजूला तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच उलटायचं. कालथ्याने दाबायचं तर मुळीच नाही. तो चर्रर्र आवाज ऐकायला बरा वाटतो पण जो रस तोंडात जायचा तो निखाऱ्यावर जातो.

आणि सोबत काय, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. आधी फ्राइज आणि मेयोनीजमधलं कोलस्लॉ असायचं, म्हणजे जडावर जड, जेवण झालं की सगळे खुर्च्यांत आडवे. गेल्या वर्षी बायकोने खमंग काकडी केली, दही न घालता, आणि पहिल्यांदा टेबलावरचं पहिलं भांडं रिकामं झालं ते साइड डिशचं. बर्गर जड असू द्या, तो जडच छान लागतो, पण शेजारी काहीतरी आंबट, कुरकुरीत, गार पाहिजे.
तुम्ही काय करता सांगा. शाकाहारी बर्गरचं आणि सासू-सासऱ्यांचं (बीफ खात नाहीत) काय करू हा प्रश्न आहेच.

टेक्सासची_माहेरवाशीण
अगदी वेळेवर धागा! बीफ न खाणाऱ्यांसाठी लॅम्बचा खिमा घ्या, त्याला स्वतःची चरबी असते, वेगळं काही करावं लागत नाही. देशी दुकानातला गोट खिमा मात्र फार लीन, म्हणजे कमी चरबीचा असतो, त्याचा बर्गर करायचाच असेल तर थोडा लॅम्बचा खिमा मिसळा, मी निम्मा-निम्मा करते. चिकनचा करायचा तर ब्रेस्ट नको, थाय. थाय घरी आणून तुकडे अर्धा तास फ्रीझरमधे ठेवून फूड प्रोसेसरला दहा-बारा वेळा नुसते पल्स करायचे, लगदा करायचा नाही.

गच्चीवरून (पुणे)
धागा वाचून भूक लागली. आमच्याकडे ग्रिल नाही, गच्चीवर एक जुनी शेगडी आहे आणि घरात बिडाचा तवा. इथे 80/20 वगैरे मिळत नाही, मटणवाल्याला काय सांगू?

टेक्सासची_माहेरवाशीण
@गच्चीवरून, माहेरी नाशिकला करते तेव्हा मटणवाल्याला सांगते की खांद्याचं मटण द्या, किलोला दीड-दोनशे ग्रॅम चरबी वरून घाला आणि मशीनमधून एकदाच काढा. ते सवयीने दोनदा काढतात, खिमा मऊ हवा असतो ना लोकांना. उभं राहून एकदाच काढून घ्या. आणि बिडाचा तवा असेल तर ग्रिल नाही म्हणून अडू नका, तवा धूर येईपर्यंत तापवा, पॅटी टाका, खाली जी खरपूस साय धरते तशी मला ग्रिलवर कधी मिळाली नाही. धुराचा वास तेवढा नाही मिळणार.

शिकागोचा_पाहुणा
छान लिहिलंय. मी कोळशावरच करतो, गॅसवर नाही. आमच्या शिकागोची देणगी आहे ही, 1952 साली इथल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी जहाजांना खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवतात त्या बॉयचा (buoy) धातूचा गोळा मधोमध कापून खालच्या अर्ध्याची शेगडी आणि वरच्याचं झाकण केलं. गोल केटल ग्रिल म्हणतात ते तेच. झाकणाचा फायदा म्हणजे वारा लागत नाही आणि झरोके उघड-बंद करून आच कमी-जास्त करता येते.
नव्याने करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की लायटर फ्लुइड (कोळसा पेटवायचं तेल) वापरू नका, पहिल्या घासाला रॉकेलसारखा वास येतो. चिमनी स्टार्टर घ्या, म्हणजे कोळसा पेटवायचा पत्र्याचा उभा नळा, खाली दोन वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा, पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राख धरते. मग सगळा कोळसा अर्ध्याच भागात पसरायचा, अर्धा भाग रिकामा. 80/20 ची चरबी निखाऱ्यावर पडली की भडका उडतो, त्या वेळी पॅटी रिकाम्या बाजूला सरकवायची आणि झाकण लावायचं, हवा तुटली की भडका बसतो. पाणी शिंपडू नका, राख उडते आणि सगळी बर्गरवर बसते.

परसदार
कोळशावरून एक गोष्ट, हात जोडून सांगतो. पाऊस आला म्हणून पेटलेला ग्रिल किंवा शेगडी कोणीही गॅरेजमधे, घरात, बंद बाल्कनीत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळतही नाही. @गच्चीवरून, तुमचं गच्चीवर उघड्यावर आहे ते ठीक. आणि इथल्या, अमेरिकेतल्या अपार्टमेंटवाल्यांनी आधी लीज (भाडेकरार) वाचा, बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत ग्रिल लावायला बंदी असते.

नदीकाठ
मला एक विचारायचंय, मीडियम रेअर बर्गर मागतात लोक, आतून गुलाबी. घरी तसा करायला हरकत नाही ना? स्टेक, म्हणजे मांसाचा अख्खा जाड काप, तर तसा खातातच.

परसदार
@नदीकाठ, स्टेक आणि खिमा यात फरक आहे. जंतू मांसाच्या वरच्या पृष्ठभागावर असतात, स्टेकची वरची बाजू भाजली की ते मेले. खिमा करताना वरचं सगळं आत मिसळलं जातं, म्हणून खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे. इथे अमेरिकेत 1993 मधे कच्चट राहिलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची साथ आली होती, पश्चिमेकडच्या राज्यांत 700 च्या वर माणसं आजारी पडली आणि 4 मुलं दगावली. त्याच्या पुढच्या वर्षी सरकारने कच्च्या बीफ खिम्यात तो जंतू असणं म्हणजे भेसळच असं ठरवलं. मी स्वतः घरी लहान मुलं असल्यापासून कधीच गुलाबी ठेवत नाही.
बीफ, लॅम्ब 160 फॅरनहाइट म्हणजे 71 सेल्सियस, चिकन-टर्की 165 म्हणजे 74. थर्मामीटर वरून न खुपसता कडेने आडवा मधोमध घाला. रंगावर जाऊ नका, खिमा कधीकधी त्याआधीच तपकिरी दिसतो. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर मिळतो, घ्याच.

अंगणवासी
+१. आणि अजून एक, 80/20 घेतला असेल तर 160 ला सुद्धा रसाळ राहतो, कोरडा होतो तो लीन खिमा. म्हणून मी चरबीचा एवढा आग्रह धरतो.

चटकदार
मला हे पटत नाही. खिम्यात मसाला नाही, आलं-लसूण नाही, नुसतं मीठ-मिरपूड म्हणजे आमच्या घरी कोणी तोंडात घालणार नाही. आपल्या जिभेला फिकं लागणारच ते. मी तर हिरवा मसाला वाटून घालते आणि सगळे आवडीने खातात, मग तो बर्गर नाही म्हणायचं का?

अंगणवासी
@चटकदार, तुमचा पण छानच होत असणार, ती खिम्याची टिक्की बनमधे आणि ती चांगलीच लागते, मी पण पावसाळ्यात करतो. फक्त अपेक्षा वेगळी आहे. मी मसाला आत न घालता वर आणतो. हिरव्या मिरचीचा ठेचा, दाणे न घालता केलेला, दोन चमचे घेऊन अर्धी वाटी मेयोनीजमधे कालवायचा, वर लिंबू. ते बनच्या खालच्या अर्ध्याला लावायचं. त्यावर पॅटी. पहिल्या घासाला ठेचा झणका देतो आणि मांसाची चव मागून येते, दोन्ही वेगवेगळं कळतं. आत मिसळलं की सगळं एकच लागतं. एकदा करून बघा ना माझ्यासाठी.

चटकदार
ठेचा-मेयो वाचूनच पाणी सुटलं. करते या शनिवारी, निम्म्या पॅटी माझ्या पद्धतीने आणि निम्म्या तुमच्या.

न्यूहेवनकर
या निमित्ताने, आमच्या न्यू हेवनमधे (कनेक्टिकट) लुइज लंच आहे, 1900 साली अमेरिकेतला पहिला हॅम्बर्गर सँडविच आम्ही दिला असा त्यांचा दावा. दावे बाकीच्यांचे पण आहेत म्हणा. तिथे अजूनही बिडाच्या उभ्या शेगडीत पॅटी उभी ठेवून दोन्ही बाजूंनी एकदम भाजतात आणि बन नाही, साधा टोस्ट ब्रेड. वर चीज, कांदा, टोमॅटो, बस. केचप मागितला तरी देत नाहीत. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, पण खाल्ल्यावर कळलं की मांस चांगलं असलं की फार काही लागत नाही. त्यामुळे चटकदार ताई, एक पॅटी नुसती मीठवाली खाऊन बघाच.

काकडीप्रेमी
बर्गरवर बरंच झालं, आता माझ्या विषयाकडे येते. खमंग काकडी कशी करताय ते लिहा हो अंगणवासी, कारण इथे बाहेर नेऊन ठेवली की पंधरा मिनिटांत पाणीच पाणी. माझ्याकडे गेल्या पॉटलकला वाटीत काकडीचं सार झालं होतं आणि बनखाली ते पाणी जाऊन बन पार भिजला.

अंगणवासी
बायकोला विचारून तिच्याच शब्दांत लिहितो.
"काकडी किसायची नाही, चोचवायची. एका हातात काकडी धरून सुरीने उभ्या-आडव्या चिरा देत वरून कापत जायचं, तुकडे लहान पण दाताखाली येणारे पाहिजेत. इथली लांब इंग्लिश काकडी चांगली, बिया कमी असतात. थोडं मीठ लावून चाळणीत वीस मिनिटं ठेवायची, मग मुठीत घेऊन पिळायची. ते पाणी टाकायचं नाही, ताकात घालायचं, ताक सुंदर लागतं, फक्त मग ताकात वेगळं मीठ नको. पिळलेली काकडी झाकून फ्रीजमधे. कूट, ओलं खोबरं, साखर, कोथिंबीर वेगळ्या डब्यात तयार ठेवायचं. तुपाची फोडणी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, ती पण करून बाजूला. पहिली पॅटी ग्रिलवरून उतरली की सगळं एकत्र करून लिंबू पिळायचं. आधी कालवलं की कुटाचा चिखल होतो."
चार काकड्यांना पाऊण वाटी कूट घालते ती, भाजून भरड कुटलेलं, मिक्सरचं पीठ नाही.

परसदार
शेजारचं अमेरिकन कुटुंब येणार म्हणालात, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारून घ्या. आपल्या लक्षातच येत नाही, कूट आपण मिठासारखं घालतो. विचारलं आणि असेल तर एका भांड्यात कूट घालूच नका आणि त्याचा चमचा पण वेगळा ठेवा.

अंगणवासी
बरं झालं आठवण केलीत, आजच विचारतो.

कोबीपचडी
कूट नसेल तर पचडी करा की! कोलस्लॉ हा शब्दच मुळात डच, कोबीचं सॅलड एवढाच त्याचा अर्थ, मेयोनीज पाहिजेच असं काही नाही. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, मीठ आणि थोडी साखर लावून दहा मिनिटं हाताने चुरायचा, मऊ पडला की लिंबू, कोथिंबीर, आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची गार केलेली फोडणी. एक कच्ची कैरी किसून घातली तर फारच छान. मेयो नसल्यामुळे उन्हात टेबलावर ठेवताना पण धाकधूक नाही आणि बर्गरच्या आत घातली तरी बन भिजत नाही. मी अर्धी आत घालते अर्धी बाजूला.

सिएटलची_सर
दही घातलेली कोशिंबीर का नको म्हणताय पण? गार लागते ना.

काकडीप्रेमी
@सिएटलची_सर, बर्गरमधे चीज आहे, मेयो आहे, त्यावर परत दही म्हणजे तोंडात नुसता गुळगुळीतपणा. लिंबाने जी चरबी कापली जाते तशी दह्याने नाही कापली जात. नुसत्या लॅम्ब बर्गरसोबत, चीज नसेल तर दही चालेल, त्यात पुदिना घाला.

सिएटलची_सर
हो, हे पटलं. लॅम्ब आणि पुदिना करते.

मक्याचं_कणीस
जुलैत न्यू जर्सीत आहात आणि मका नाही? कणसं सोलून त्याच ग्रिलवर दहा मिनिटं फिरवत भाजा, दाणे सुरीने उतरवा, त्यात टोमॅटो, कांदा, लिंबू, तिखट, मीठ. झालं. तिथले टोमॅटो तर काय सांगू, मी पाच वर्षं होतो, आता फिनिक्सला आल्यावर त्या टोमॅटोची आठवण येते उन्हाळाभर.

गच्चीवरून (पुणे)
शाकाहारी बर्गरचं कोणी सांगितलंच नाही, माझ्या घरी निम्मे ते आहेत.

टेक्सासची_माहेरवाशीण
सांगते. मी राजम्याचा करते. बहुतेकांचा फसतो तो ओलसरपणामुळे, आत पिठूळ गोळा राहतो. शिजलेला राजमा निथळून ट्रेवर पसरून ओव्हनला 350 फॅरनहाइटवर पंधरा मिनिटं ठेवते, साल जरा फुटते आणि पाणी उडून जातं. ओव्हन नसेल तर कढईत कोरडा परता. निम्मा ठेचायचा, निम्मा अख्खा. मशरूम बारीक चिरून पाणी आटेपर्यंत परतून त्यात. कांदा पण परतून, कच्चा नको. बांधायला जाडे पोहे भाजून भरड पूड करते, ब्रेडक्रम्सपेक्षा चांगले धरतात. याच्यात मात्र मसाला आतच घाला, राजम्याला लागतो, धने-जिरे, लाल तिखट, आमचूर. थापून तासभर फ्रीजमधे. आणि हे मळलं तरी चालतं बरं का, मळू नका हे मांसापुरतं.
ग्रिलच्या जाळीवर थेट टाकू नका, फुटून खाली पडतो. ग्रिलवरच बिडाचा तवा ठेवा. त्या तव्यावर आणि त्या कालथ्याने मांस अजिबात नाही, आधी शाकाहारी भाजून वेगळ्या ताटात काढून झाका. ज्यांच्यासाठी करतोय त्यांना ते दिसलं की ते निर्धास्त खातात.

अंगणवासी
हे सगळ्यात उपयोगी पडणार. तव्याचं डोक्यात आलंच नव्हतं.

अंगणवासी
मंडळी, परवाचा रिपोर्ट. दहा बीफ, चार लॅम्ब, पाच राजमा. शेजाऱ्यांकडे ॲलर्जी नव्हती पण विचारलं म्हणून त्या बाईंना फार बरं वाटलं, त्यांच्या भाच्याला आहे म्हणाल्या.
राजमा एक सुद्धा फुटला नाही. पोह्याची पूड भारी काम करते, पाचातले दोन मांस खाणाऱ्यांनीच पळवले. लॅम्बचा खिमा सासूबाई मळायला निघाल्या होत्या, त्यांना म्हटलं आई, आज नुसतं थापा, मळू नका. त्यांनी थापून मधे अंगठा दाबला, अगदी वड्याला भोक पाडतात तसा हात फिरला त्यांचा, चारही पॅटी एकसारख्या. 160 ला उतरवल्या. सासरे ठेचा-मेयो लावून खात होते, काही बोलले नाहीत, दुसरा मागितला.
काकडी आणि पचडी दोन्ही केल्या. काकडी कालवायला पहिली पॅटी उतरेपर्यंत थांबलो आणि शेवटपर्यंत पाणी सुटलं नाही. शेजारच्या बाईंनी फोडणी कशाची म्हणून विचारलं, बायकोने हिंगाची डबी उघडून वास दिला, त्या आधी मागे सरकल्या आणि मग परत वाकून घेतला.
एक चूक झाली, बन भाजायला विसरलो पहिल्या चार बर्गरचे. बन आतून बटर लावून अर्धा मिनिट जाळीवर भाजायलाच हवा, नाहीतर रस शोषून खालचा अर्धा फाटतो. पुढच्यांचे भाजले.

चटकदार
मी पण केले शनिवारी दोन्ही प्रकार. मुलांनी तुमच्या पद्धतीचे आधी संपवले, नवऱ्याला माझे आवडले. ठेचा-मेयो मात्र सगळ्यांनी दोन्हीवर घेतला.

नदीकाठ
उरलेल्या पॅटीचं काय करता? आमच्याकडे तीन उरल्यात.

अंगणवासी
बाहेर किती वेळ होत्या ते बघा आधी, दोन तासांच्या आत फ्रीजमधे गेल्या असतील तर ठीक, 90 फॅरनहाइटच्या वर ऊन असेल तर एकच तास. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून कांदा-टोमॅटो, आलं-लसूण, गरम मसाला घालून खिमा केला आणि उरलेल्या बनसोबत खाल्ला. कोळशाचा वास होता त्याला, रोजच्या खिम्याला येत नाही तो.